जहाजावर गेलेला कान

११ जून २०२२. चेन्नईजवळचं एन्नोर बंदर, कोळशाचं जहाज. माझा करार संपला होता. बॅग गँगवेपाशी आणून ठेवलेली, खाली एजंटची गाडी उभी. सेकंड ऑफिसरने साइन-ऑफचे सहा-सात कागद पुढे केले. त्यातल्या एका छापील फॉर्मवर विचारलं होतं, जहाजावर असताना काही आजार किंवा इजा झाली का? मी ‘नाही’वर खूण केली, सही ठोकली आणि खाली उतरलो. गाडीवाला चिडलेला होता. म्हणे दहा मिनिटं हॉर्न वाजवतोय. मला तो ऐकूच आला नव्हता.

त्या एका खुणेपायी मला पुढची तीन वर्षं निस्तरावी लागली, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

मी औसा तालुक्यातला. आयटीआय फिटर. आमच्याकडून बोटीवर जाणारी पोरं कोकणाइतकी नाहीत. गावात अजूनही मला ‘समुद्रावाला’ म्हणतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी बोटीवरच होतो, त्यावरून झालेली चेष्टा आजही थांबलेली नाही. २०१४ ला पहिल्यांदा परदेशी झेंड्याच्या जहाजावर चढलो. २०१६ पासून एकाच भारतीय कंपनीकडे होतो, भारतीय झेंडा, पाच करार. कंपनीचं नाव लिहिणार नाही. इतर खलाशांशी बोलल्यावर कळलं की उत्तरं सगळीकडून साधारण सारखीच येतात.

इंजिन रूमचा आवाज सांगून कळत नाही. मुख्य इंजिन, जनरेटर, प्युरिफायर, कॉम्प्रेसर, त्यात फिटरच्या हातात ग्राइंडर. शंभराच्या पुढे डेसिबल. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात यंत्रांच्या जागेची कमाल मर्यादाच ११० डेसिबल आहे, म्हणजे माणसाचे कान झाकलेले असणार हे त्यांनी धरूनच चाललंय. कानाचे डॉक्टर जो हिशेब सांगतात त्यात ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. १०० ला पंधरा मिनिटं उरतात. आमची ड्यूटी आठ तासांची.

कंपनीने इअर मफ दिले नव्हते असं नाही. पण माझ्या मफची गादी फाटून आतला स्पंज बाहेर आला होता. मी तिला काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली. ती घामाने सुटायची, कानामागे चिकट काळा पट्टा राहायचा, आणि गादी जिथं नीट टेकायची नाही तिथून आवाज आत घुसायचाच. नवे मफ दोनदा इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रात, लिहिले. आले नाहीत. टेपची बंडलं मात्र आली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पारादीपला कोळसा भरून निघालो तेव्हापासून काम संपल्यावरही कानात बारीक सूर राहायला लागला. केबिनमध्ये दिवा बंद केला की रातकिडा सुरू. सेकंड ऑफिसरकडे गेलो. बोटीवर औषधांची पेटी त्याच्या ताब्यात असते. त्याने कानात घालायला थेंब दिले, मळ असेल म्हणाला, आणि वहीत दोन ओळी खरडल्या. काय लिहिलं ते मी वाचलंसुद्धा नाही.

तुम्ही वाचा. फोनमध्ये फोटो काढा. बोटीवर असताना डोकं दुखलं तरी मेडिकल लॉगला नोंद करायला सांगा, कोणी हसलं तर हसू द्या.

घरी आल्यावर हळूहळू लक्षात यायला लागलं. लेक म्हणाली, “बाबा, आपल्या टीव्हीच्या बातम्या गल्ली ऐकते.” मंडळीला वाटायचं मी मुद्दाम उत्तर देत नाही. मला माणसं बोलताना ऐकू यायची, पण काय बोलतात ते कळायचं नाही. जाड आवाज शाबूत होते: ट्रक, हलगी, पुरुषाचा घसा. गेलं होतं ते पातळ, वरचं. स, श, फ, थ. बायकांचे आणि लेकरांचे आवाज. ऑक्टोबरात सोयाबीन आडतीवर नेलं तर आडत्याने ओलीपोटी क्विंटलमागे साठ रुपये कापतो म्हणून सांगितलं. मी ‘आठ’ ऐकलं आणि मान डोलावली. हिशेबाची पट्टी हातात आल्यावर भांडण झालं, आणि चूक माझीच निघाली.

२१ नोव्हेंबर २०२२ ला पुढच्या करारासाठी मुंबईत मेडिकल होतं. कानाच्या तपासणीला छोट्या बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. आधी जाड सूर आले, मी पटापट दाबत गेलो. मग बराच वेळ काहीच नाही. काचेपलीकडची मुलगी तर बटणं फिरवत होती, म्हणजे सूर चालूच होते. मी अंदाजाने दोनदा दाबलं. तिने मान हलवली आणि पुन्हा मागे गेली. फसवता येत नाही त्यात. बाहेर आलो तर रिपोर्टवर ‘तात्पुरता अनफिट’. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तेव्हा कायमचा.

इथे माझी एक चूक झाली. मी रात्रभर रेल्वेच्या खडखडाटात येऊन थेट तपासणीला बसलो होतो. कानाच्या तपासणीआधी चौदा-सोळा तास तरी मोठ्या आवाजापासून लांब राहावं लागतं, नाहीतर समोरचा म्हणतो, हा तात्पुरता बधिरपणा आहे. कंपनीच्या वकिलाने पुढे नेमकं तेच म्हटलं. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या तपासणीला आदल्या दिवशी जाऊन मुक्काम केला, म्हणून निभावलं.

१ डिसेंबरला कंपनीला मेल केला. उत्तर २२ तारखेला आलं, तीन ओळींचं. आजार नोकरीच्या काळात नोंदवलेला नाही, साइन-ऑफच्या वेळी तक्रार नव्हती, वय आणि साखर ही कारणं असू शकतात, सबब कामाशी संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडच्यांना वेगळं सांगायला नको. कडब्याच्या कोपीत लक्ष्मीची पूजा, भज्जी, उंडे, आंबील, पन्नास माणसं एका वावरात. सगळे एकदम बोलत होते आणि मला तो सगळा एकच गलका ऐकू येत होता. माय काहीतरी विचारत होती. तीन वेळा विचारून तिने शेवटी माझ्या हातात आंबिलीचं मडकं दिलं आणि निघून गेली. दाजींना मेल दाखवला. दाजी कोतवाल आहेत, तहसीलला उठबस. त्यांनी मेल दोनदा वाचला आणि एकच विचारलं, “तुज्याकडं कागद काय हाय?”

संध्याकाळी ट्रंक उघडली. देवाची कृपा म्हणा किंवा मायची सवय म्हणा, आमच्या घरात कागद फेकत नाहीत. कंपनीनेच ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडचे जुने ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचे आलेख, सापडले. ४००० हर्ट्झचा, म्हणजे पातळ सुराचा, उजव्या कानाचा आकडा बघा: २०१६ मध्ये २० डेसिबल, २०१९ मध्ये ३५, २०२१ मध्ये ४५, आणि नोव्हेंबर २०२२ च्या तपासणीत ७०. डावा कानही असाच एक-दोन पायऱ्या मागे-पुढे. हा आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. दाजींनी ते कागद तारखेप्रमाणे लावले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातले, बस.

जानेवारीत जुन्या जहाजावरच्या फिलिपिनो बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, मेसेज केला. त्यांच्याकडे हे भांडण रोजचं आहे. त्यांच्या सरकारी नमुना करारात आजारांची यादी आहे. यादीत नसलेला आजारसुद्धा आधी कामामुळेच झाला असं धरतात, नसेल तर कंपनीने ते खोडून काढायचं. पण उतरल्यावर तीन कामाच्या दिवसांत कंपनीच्या डॉक्टरपुढे हजर व्हावं लागतं. त्या डॉक्टरला १२० दिवस, लागलेच तर २४० दिवसांपर्यंत मुदत. त्याचं आणि तुमच्या डॉक्टरचं जुळलं नाही तर दोघांच्या संमतीने तिसरा डॉक्टर, त्याचा शब्द शेवटचा. बोसनने विचारलं, “तू तीन दिवसांत गेला होतास का?” मी तीन दिवस लातूर एक्स्प्रेसचं तिकीट कन्फर्म व्हायची वाट बघत होतो. आपल्याला तो नियम लागू नाही हे नंतर कळलं, पण त्या रात्री झोप लागली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईला चार दिवस राहिलो. लातूर एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून बॅलार्ड इस्टेटचं नौ भवन चालत जाण्यासारखं आहे. तिथे शिपिंग मास्टरच्या, म्हणजे खलाशांचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात लेखी तक्रार दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय कुठूनही उठू नका. युनियनच्या माणसाने माझा करार मागितला आणि बोट ठेवून दाखवलं: अपंगत्वाच्या भरपाईच्या कलमात ‘अपघातामुळे’ असा शब्द होता. आजाराचं नाव नव्हतं. तो म्हणाला, परदेशी झेंड्याच्या जहाजांवर आयटीएफ या आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाच्या काही करारांत कामामुळे झालेला आजारही धरतात, आणि टक्केवारी पन्नासच्या आत असली तरी समुद्रावर कायमचा अनफिट ठरलेल्याला पूर्ण रक्कम असते. आपल्या करारात नेमका काय शब्द आहे हे चढण्याआधी वाचायचं असतं. मी नऊ वर्षांत एकदाही वाचला नव्हता.

आजारपणाच्या पगाराचंही तसंच. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (एमएलसी) आजारी पडून उतरवलेल्या खलाशाला पगार मिळतो, आणि मालक त्यावर मर्यादा घालणार असेल तरी ती सोळा आठवड्यांच्या खाली आणता येत नाही. पण मी कागदावर आजारी पडून उतरलोच नव्हतो. ‘करार पूर्ण’ असं लिहून उतरलो होतो. तो हक्क तिथंच बुडाला.

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, कान आणि वाचेची. तिथे सगळं पुन्हा तपासलं. बेरा नावाची एक तपासणी असते. डोक्याला तारा लावून झोपवतात आणि कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्र बघतं. बटण दाबायचं नसतं, म्हणजे कोणी सोंगाचा आरोप करू शकत नाही. सगळं मिळून खिशाला झळ फार बसली नाही, खासगीत कितीतरी जास्त गेले असते. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी माझे जुने ग्राफ एकाखाली एक ठेवले आणि पेन्सिलीने एक खळगा दाखवला. आलेख ४००० ला खाली जातो आणि ८००० ला परत थोडा वर येतो, दोन्ही कानांत सारखा. म्हातारपणाने कान जातो तेव्हा आलेख उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा खालीच जातो, परत वर येत नाही, असं त्या म्हणाल्या. बैलगाडीची उपमा त्यांची, माझी नाही.

आता वकील. आमच्या जिल्ह्यात जहाजाचा खटला चालवलेला वकील कुठला मिळायला? मुंबईचे वकील तारखेचे जे पैसे सांगत होते त्यात माझी दोन एकर जिरायत गेली असती. शेवटी कारखान्यांच्या कामगारांचे खटले चालवणारे एक वकीलसाहेब सापडले. त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं, “मी बोट फक्त फोटोत बघितलीये. पण कायदा तोच आहे.”

कायदा म्हणजे तेव्हा लागू असलेला १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. खलाशी त्याच्या व्याख्येत होता. अर्ज आपण राहतो त्या भागाच्या आयुक्ताकडे करता येतो; आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त असतात. मुदत दोन वर्षं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती: कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे आणि तिच्या ‘ब’ भागात ‘आवाजामुळे येणारा बहिरेपणा’ लिहिलेला आहे. त्या मालकाकडे सलग सहा महिने असं काम केलेलं असलं की तो आजार अपघातच धरतात, आणि तो कामामुळे झाला नाही हे मालकाने सिद्ध करायचं. माझा शेवटचा करार नऊ महिन्यांचा होता. बोसनच्या देशातलं तत्त्व आपल्याकडेही होतं, फक्त यादीपुरतं. हृदयविकार, पाठीचा मणका, किडनी यांचं दुखणं यादीत नाही. तिथे कामामुळेच झालं हे आपल्याला दाखवावं लागतं. त्या मित्रांची लढाई माझ्याहून कितीतरी अवघड आहे.

जूनमध्ये नोटीस गेली, १४ ऑगस्ट २०२३ ला ‘फ’ नमुन्यात अर्ज दाखल झाला. कायद्यात लिहिलंय, आयुक्ताने तीन महिन्यांत निकाल द्यावा. कंपनीला पाठवलेली पहिली नोटीस ‘पत्त्यावर नाहीत’ म्हणून परत आली तेव्हाच ते तीन महिने संपले.

त्यांची लेखी कैफियत एप्रिल २०२४ मध्ये आली. त्याआधी मार्चमध्ये एक फोन आला होता: सहानुभूती म्हणून एक लाख देतो, एका कागदावर सही करा, पुढे काही मागणार नाही म्हणून. घरात पैशाची चणचण होती, मी जवळजवळ हो म्हटलं. वकीलसाहेब म्हणाले, भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे, आणि तडजोड करायचीच तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. ते कुठे सही करा म्हणतायत, न्यायालयात की हॉटेलात? हॉटेलात म्हणाले होते.

कैफियतीत पाच मुद्दे होते. साइन-ऑफचा फॉर्म. चढण्याआधीच २०२१ ला ४५ डेसिबल होतं, म्हणजे जुनाच आजार. साखर. परदेशी जहाजावरचे आधीचे करार. आणि पाचवा वाचून मंडळी हसली: अर्जदार शेतकरी असून ट्रॅक्टर व मळणीयंत्राच्या आवाजाने कान गेला असावा. आम्ही सातबारा लावला. दोन एकर जिरायत, ट्रॅक्टर भाड्याचा, तोही वर्षातून दोन दिवस.

जुन्या आजाराच्या मुद्द्याला उत्तर ट्रंकेतून निघालं. २०१६ ते २०२१ या काळात मी याच कंपनीच्या जहाजांवर होतो. वीसाचे पंचेचाळीस त्यांच्याच इंजिन रूममध्ये झाले.

फॉर्मचं काय करायचं हा खरा प्रश्न होता, कारण खूण माझीच, सही माझीच. तेव्हा ती वही आठवली. त्याच जहाजावर असलेल्या एका ऑइलरने मार्च २०२३ मध्ये मेडिकल लॉगच्या पानाचा फोटो पाठवला होता. तारीख, माझं नाव, आणि इंग्रजीत दोन ओळी: कानात आवाज येतो, कमी ऐकू येतं, थेंब दिले. नुसता फोटो पुरत नाही. मूळ वही हजर करण्याचा आदेश मागणारा अर्ज दिला. दोन तारखा गेल्या, मग वही आली. तिच्यासोबत मागितलेले स्टोअरचे इंडेंट पण आले. त्यात मफ दोनदा लिहिलेले होते, दोन्ही वेळा शेरा ‘पुढच्या बंदरावर’.

२० सप्टेंबर २०२४, माझी उलटतपासणी. कंपनीचे वकील मुंबईचे, भारदस्त आवाजाचे. प्रश्न विचारता विचारता त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि हळूच विचारलं, “गाव कोणतं तुमचं?” मी सांगितलं. “पाहा सर, पाठमोरं बोललेलं यांना नीट ऐकू येतं.” माझ्या पोटात गोळा आला. मी सांगायचा प्रयत्न केला की जाड आवाज येतो, पातळ येत नाही, पण ते ऐकणाऱ्याला सबब वाटावी असंच होतं. शेवटी स्टेनोग्राफर बाईंनी माझा जबाब वाचून दाखवला: माझी बोटीवरची एकूण नोकरी साठ महिन्यांची आहे, बरोबर? मी ताडकन म्हटलं, “नाही मॅडम, आठ नाही. साठ.” त्यांनी पुन्हा वाचलं. मी पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, असू द्या, पुढे चला. निकालात या गोष्टीचा उल्लेख कुठेही नाही. पण वकीलसाहेब बाहेर येऊन म्हणाले, आज चहा मी पाजतो.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या बाजूने कानाचे डॉक्टर आले. त्यांचा भत्ता आणि जाण्या-येण्याचा खर्च आपल्याला भरावा लागतो, तो आधीच विचारून घ्या. सरकारी बोर्डाने माझ्या बहिरेपणाची टक्केवारी २८ काढली होती. इथे बरेच जण गोंधळतात, मीही गोंधळलो. अपंगांच्या सरकारी सवलतींना ४० टक्के लागतात आणि मला त्या मिळाल्या नाहीत. पण भरपाई त्यावर ठरत नाही. ती ठरते कमावण्याची ताकद किती गेली यावर, आणि ते डॉक्टरकडून वेगळं लिहून घ्यावं लागतं. कंपनीने बोलावलं तर त्यांच्या डॉक्टरकडेही जावंच लागतं. नाही गेलो तर हक्क तेवढा काळ थांबतो. मी गेलो होतो. त्याच डॉक्टरांनी मार्चच्या साक्षीत कबूल केलं की ८००० ला वर येणारा आलेख साखरेपेक्षा आवाजाकडे बोट दाखवतो.

जूनच्या युक्तिवादात कंपनीच्या वकिलांनी मॅकिनन मॅकेन्झीचा निकाल काढला. १९६९ चा, सर्वोच्च न्यायालयाचा, एका खलाशाचाच: तो भर समुद्रात जहाजावरून नाहीसा झाला होता आणि न्यायालयाने म्हटलं की मृत्यू नोकरीतून उद्भवलेल्या अपघाताने झाला हे दावा करणाऱ्याने दाखवायला हवं. आमच्या वकिलांनी तो निकाल खोडला नाही. एवढंच म्हणाले, तो खलाशी यादीत नव्हता, हा आहे. मग त्यांनी प्रताप नारायण सिंह देवचा निकाल दिला: डावा हात गमावलेला सुतार सुतारकामापुरता शंभर टक्के निकामी धरला गेला. तसाच हा फिटर समुद्रापुरता.

१८ ऑगस्ट २०२५ ला निकाल लागला. बहिरेपणा कामामुळेच. साइन-ऑफच्या छापील फॉर्मपेक्षा त्यांच्याच वहीतली नोंद जास्त विश्वासार्ह धरली. पण शंभर टक्के मान्य झालं नाही. किनाऱ्यावर दुसरं काम करू शकतो म्हणून ६० टक्के. हिशेब असा: माझा पगार कितीही असला तरी कायद्याला महिन्याचे १५,००० च दिसायचे, २०२० पासून ती मर्यादा होती. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वयाच्या चाळिशीचा गुणांक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. त्याचे ६० टक्के ९,९४,५१८. (दोन ‘साठ’ वेगवेगळे आहेत, मलाही दोनदा समजावून घ्यावं लागलं.) वर १२ टक्के व्याज, कंपनीने पैसे भरेपर्यंत सुमारे ३ लाख ३४ हजार झालं. दंड मागितला होता, तो मिळाला नाही.

मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं तर साठ दिवस असतात आणि रक्कम आधी भरावी लागते. ते साठ दिवस मी कॅलेंडरवर खुणा करून काढले. कंपनीने १० ऑक्टोबरला रक्कम जमा केली, अपील केलं नाही. दिवाळीच्या सुट्ट्या, मग पडताळणी, मग बँकेचा तपशील चुकला. २७ नोव्हेंबरला खात्यात आले. वकील, साक्षीदार, प्रवास, झेरॉक्स मिळून माझे सव्वा लाखाच्या आसपास गेले. त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरपासून, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. नव्याने अर्ज करणाऱ्यांनी माझ्या वेळची कलमं डोळे झाकून वापरू नयेत, वकिलाला नवी विचारावीत.

दोन श्रवणयंत्रं घेतली. कुकरची शिट्टी आता कानात सुई घुसावी तशी येते, मंडळी म्हणते आता कळलं का आम्हाला काय होत होतं ते. रातकिडा आहेच. सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक, ट्रंकेत आहे, मुदत अजून संपलेली नाही.

निकालात लिहिलेलं ‘दुसरं काम’ गेल्या महिन्यात मिळालं, लातूरच्या एका दालमिलमध्ये देखभालीचं. तिथलाही आवाज काही कमी नाही. मी स्वतःच्या पैशाने नवे मफ घेतले, यंत्रं काढून खिशात ठेवतो आणि मफ चढवतो. मुकादम रोज विचारतो, “अण्णा, आधीच ऐकू येत नाही, वर झाकण कशाला?” मी त्याला तोच प्रश्न दोनदा विचारायला लावतो.